आयकर रिटर्न ३१ जुलैच्या आत : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक रोडला माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. प्रेसमधून निवृत्त झालेले काका, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार, झेडपीचे शिक्षक, निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार अशी सगळी मंडळी येतात आणि दर वर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात. तीच उत्तरं इथे लिहिली आहेत. ती आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नासाठी आहेत. या वर्षाचं कर निर्धारण वर्ष, म्हणजे या उत्पन्नाचा हिशेब ज्या वर्षी होतो ते, २०२६-२७.

कंपनीने टीडीएस कापलाय. मग रिटर्न कशाला?

टीडीएस म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर. तो कापला म्हणजे कर जमा झाला. रिटर्न म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचा तुम्ही स्वतः सरकारला दिलेला हिशेब. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

नव्या करप्रणालीत (दर कमी, पण जुन्या प्रणालीतल्या बहुतेक वजावटी नाहीत) ४ लाखांपर्यंत कर नाही. वजावटी धरण्याआधीचं एकूण उत्पन्न त्यावर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. इथे बरेच जण फसतात. "१२ लाखांपर्यंत कर माफ आहे, मग मला काय करायचंय?" असं म्हणून घरी बसतात. ती माफी कलम ८७ए खालची सूट आहे आणि रिटर्न भरूनच घ्यायची असते.

उत्पन्न कमी असलं तरी काही खर्चांमुळे रिटर्न बंधनकारक होतं. वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं किंवा परदेशप्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला, तर ते टळत नाही. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी हे मुद्दाम तपासावं.

शेवटची तारीख कोणती? चुकली तर काय?

पगारदार, पेन्शनर आणि आयटीआर-१ किंवा आयटीआर-२ हे रिटर्नचे फॉर्म भरणाऱ्यांसाठी ३१ जुलै. मागच्या वर्षी मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, मग आणखी एक दिवस मिळाला. तेव्हापासून "वाढेलच की" म्हणणारे फार वाढले आहेत. त्या भरवशावर राहू नका.

तारीख गेल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला ५,००० रुपये शुल्क लागतं, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर महिन्याला १ टक्का व्याज वेगळं. पण दंडाहून मोठं नुकसान दुसरंच आहे, आणि ते लोकांना ठाऊक नसतं. ३१ जुलैनंतर जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. गृहकर्ज, घरभाडं, विमा, पीपीएफ असं वर्षभर जपलेलं सगळं त्या एका तारखेमुळे वाया जातं. शेअरमध्ये झालेला तोटाही पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

नवा आयकर कायदा लागू झालाय ना? मग हे रिटर्न कोणत्या कायद्याखाली?

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. पण हे उत्पन्न त्याआधीचं, म्हणून हे रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच. ऑनलाइन कर भरताना कर निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडलंय ना, हे दोनदा पाहा. चुकीच्या वर्षात भरलेला पैसा परत जागेवर आणायला फार खेटे पडतात.

कागद कोणते जमवायचे?

मला विचाराल तर सगळं रिटर्न या एका उत्तरात आहे. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. कागद जुळवायला दोन संध्याकाळी लागतात, आणि त्या दिल्याच पाहिजेत.

तीन कागद समोर ठेवा. पहिला कंपनीचा फॉर्म १६, तो १५ जूनपर्यंत मिळायला हवा. दुसरा फॉर्म २६एएस, ज्यात तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा झाला ते दिसतं. तिसरा एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. यात बचत खात्याचं व्याज, ठेवींचं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडाची खरेदी-विक्री, जमिनीचा व्यवहार, सगळं असतं. शेवटचे दोन्ही आयकर पोर्टलवर लॉगिन करून मिळतात. एआयएसची पीडीएफ उघडत नाही म्हणून फोन येतात. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता.

आता पेन घ्या आणि एकेक रक्कम टिक करत जा. मागच्या जुलैत जेल रोडचे एक काका आले होते. औषधाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात रबर लावलेल्या ठेवींच्या पावत्या आणि तीन बँकांची पासबुकं. ते म्हणाले, "सगळं मिळून व्याज ऐंशी हजार असेल." एआयएस काढलं तर १,४१,००० निघालं. एक ठेव पाच वर्षांपूर्वी काकूंच्या नावाने दुसरं नाव घालून केली होती, पॅन मात्र काकांचा दिला होता. ती पावती कपाटात साड्यांच्या खाली होती. काकांच्या मनात लपवाछपवी अजिबात नव्हती, ती ठेव ते विसरलेच होते. पण खात्याच्या संगणकाला विसरणं आणि लपवणं यातला फरक कळत नाही.

उलटही होतं. एआयएसमध्ये एखादी रक्कम दोनदा येते किंवा जी तुमची नाहीच ती दिसते. तिथेच त्या नोंदीसमोर अभिप्राय नोंदवायची सोय आहे, ती वापरा. आणि १५ जूनच्या आधी रिटर्न भरायची घाई करू नका. बँका आणि कंपन्यांची शेवटच्या तिमाहीची टीडीएस विवरणं ३१ मेपर्यंत जातात, त्यामुळे त्याआधीचा २६एएस अर्धवट असतो.

बँकेने व्याजावर टीडीएस कापला नाही. पतसंस्थेचं व्याज तर एआयएसमध्ये दिसतही नाही. दाखवायचं का?

दाखवायचं. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत आणि इतरांना ५० हजारांपर्यंत व्याज असेल तर टीडीएस कापला जात नाही. ती मर्यादा कापण्यापुरती आहे. टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा १५एच किंवा १५जी फॉर्म भरून दिला म्हणजे व्याज करमुक्त झालं, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज.

पतसंस्थांत पैसा ठेवणारे आपल्याकडे घरोघर आहेत. त्या व्याजाची नोंद पोर्टलवर येईलच असं नाही, म्हणून पासबुक भरून आणा आणि आकडा स्वतः धरा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याजही करपात्र. पीपीएफचं तेवढं करमुक्त. ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांची आणि इतरांना बचत खात्याच्या व्याजावर १० हजारांची वजावट मिळते, पण फक्त जुन्या प्रणालीत.

जुनी प्रणाली घ्यावी की नवी?

दोन्हीचा हिशेब मांडून बघितल्याशिवाय उत्तर देऊ नये. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो.

पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत पगारदाराला सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १२ लाख उरतात आणि कर शून्य. पगार १३ लाख असेल तर? १२,२५,००० वर कोष्टकाप्रमाणे ६३,७५० होतात, पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेत नाहीत. म्हणजे कर २५,००० आणि ४ टक्के उपकर धरून २६,०००.

पगार १५ लाख धरा. नव्या प्रणालीत उपकरासह ९७,५०० होतात. जुन्यात ८०सीचे (पीपीएफ, विमा अशा गुंतवणुकीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि प्रमाणित वजावटीचे ५० हजार असं सगळं घातलं तरी १,४०,४०० भरावे लागतात. या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर प्रमाणित वजावट सोडून जवळजवळ साडेपाच लाखांच्या खऱ्या वजावटी हव्यात. भाड्याने राहणारा आणि शिवाय कर्जाचे हप्ते भरणारा एखादाच तिथवर पोचतो. त्यामुळे बहुतेक पगारदारांना मी नवीच सुचवतो.

एक लक्षात ठेवा. १२ लाखांची सूट नव्या प्रणालीत शेअरच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला लागत नाही. पगार ९ लाख आणि शेअरचा अल्पकालीन नफा १ लाख असेल तर त्या लाखावर २० टक्के कर लागतो.

घरभाड्याची वजावट किती मिळते?

जुन्या प्रणालीतच मिळते. या वर्षासाठी ५० टक्क्यांचा नियम मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे. नाशिकला मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ४० टक्के.

समजा सातपूरच्या कामगाराचा मूळ पगार आणि महागाई मिळून ३०,०००, घरभाडे भत्ता ९,००० आणि भाडं ८,०००. तीन आकडे काढायचे. मिळालेला भत्ता ९,०००. चाळीस टक्के म्हणजे १२,०००. भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा केले की ५,०००. यातला सगळ्यात लहान, म्हणजे महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० करमुक्त. भाडं वर्षाला १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आईवडिलांना भाडं देता येतं, पण घर त्यांच्या नावावर हवं, पैसे खात्यातून गेलेले हवेत आणि त्यांनी ते उत्पन्न दाखवायला हवं.

वर्षाच्या मधे अंबडची एक कंपनी सोडून दुसरीत गेलो. काय करू?

दोन्ही फॉर्म १६ घ्या आणि दोन्ही पगार एकत्र करा. दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट आणि सुरुवातीची करमुक्त मर्यादा आपापल्या परीने धरतात, म्हणून कर कमी कापलेला असतो. रिटर्नच्या वेळी एकदम वीस-तीस हजार भरायची वेळ येते. त्यात कंपनीची चूक नाही. नवीन ठिकाणी लागल्याबरोबर जुना पगार कळवला असता तर हे टळलं असतं.

शेतीचं उत्पन्न तर करमुक्त आहे. ते कशाला दाखवायचं?

करमुक्त आहे हे खरं. पण नोकरी किंवा धंद्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० हून जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना शेती धरली जाते.

उदाहरण घेऊ. पिंपळगावचे एक सर, वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १३ लाख, द्राक्षबागेचं निव्वळ ३ लाख. नव्या प्रणालीत १६ लाखांवर कर १,२०,०००. करमुक्त ४ लाख अधिक शेतीचे ३ लाख अशा ७ लाखांवर कर १५,०००. दोन्हीतला फरक १,०५,०००, पण वर सांगितलेल्या नियमाने १२ लाखांच्या वर गेलेल्या १ लाखाहून जास्त कर घेत नाहीत, म्हणून १,००,०००. शेती नसती तर ७५,००० झाले असते. दोन्हीकडे उपकर वरून लागतो.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. आणि ५ लाखांच्या वर गेलं तर जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाने केलेली, बागायती की जिरायती, हे सगळं भरावं लागतं. म्हणून सातबारा जवळ ठेवा. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), औषधांची बिलं, मजुरीची वही हेही सांभाळा. शेतकऱ्याकडे खर्चाचा कागद नसतो, ही मला दर वर्षी सलणारी गोष्ट आहे. एवढा खर्च करून बाग उभी करायची आणि पुरावा म्हणून दाखवायला चिठ्ठी नाही.

स्वतःच्या रानातला कांदा विकला तर ते शेतीचं उत्पन्न. दुसऱ्याचा कांदा घेऊन चाळीत साठवला आणि भाव आल्यावर विकला तर तो व्यापार. द्राक्षाची रोपं तयार करून विकणारी रोपवाटिका शेतीत बसते, वाइन बनवणं बसत नाही. अडत हे कमिशन आहे, त्याला उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरायची अंदाजित नफ्याची योजनाही लागू नाही.

शेतजमीन विकली. कर लागेल का?

जमीन कुठे आहे त्यावर ठरतं. नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाखांच्या पुढे होती. दहा लाखांवरच्या शहराला नियम असा की महापालिकेच्या हद्दीत आणि हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आत असलेली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते. अंतर रस्त्याने मोजायचं नाही. मखमलाबाद, म्हसरूळ तर हद्दीतच आहेत, तिथे आजही बाग उभी असली तरी नफ्यावर कर आहे. आठ किलोमीटरच्या पलीकडची आणि दुसऱ्या कोणत्या नगरपालिकेच्या टापूतही न येणारी जमीन सुटते.

आधीची किमान दोन वर्षं ती कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४बी खाली नफा वाचतो. ३१ जुलैपर्यंत जमीन घेतली नसेल तर ती रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवून मगच रिटर्न भरा. हे साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. इथे सल्ल्याची फी वाचवू नका, विक्रीच्या आधीच कुणाला तरी दाखवा.

एक जण म्हणतो, सगळा टीडीएस परत मिळवून देतो, त्याचे १० टक्के त्याला. देऊ का?

नाही. हात जोडून सांगतो, नाही.

हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. गेटबाहेर चहाच्या टपरीवर ओळख होते. तो पॅन, पासवर्ड आणि ओटीपी मागतो. मग रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं अपंगत्व, स्वतःच्याच घरात राहत असताना भाडं असं काहीबाही घालतो. महिन्याभरात चाळीस हजार येतात. दोस्ताला सांगितलं जातं, पाळीतले आठ-दहा जण तिकडेच जातात. दीड वर्षाने पुरावा मागणारा ई-मेल येतो, तोही त्या माणसाने टाकलेल्या पत्त्यावर, म्हणून कळतही नाही. त्याचा फोन बंद. सही तुमची, पॅन तुमचा. खोटी माहिती दिली म्हणून बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, वर व्याज. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, लग्न ठरलेलं होतं. रिटर्नमध्ये काय लिहिलंय ते त्याने तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी घालणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. तुमच्या जुन्या रिटर्नमध्ये असं काही असेल तर नोटीस येण्याची वाट पाहू नका. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत रिटर्न भरून, जादा कर देऊन ते दुरुस्त करता येतं. जितका उशीर तितका जादा कर.

रिटर्न भरलं. झालं ना?

ई-व्हेरिफाय केल्याशिवाय झालं नाही. ३० दिवसांत करायचं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, नेटबँकिंगनेही जमतं. आधारला जुना नंबर असेल तर तो जूनमध्येच बदलून घ्या. काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्हीची (रिटर्नच्या पोचपावतीची) सही केलेली प्रत स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या केंद्राला पाठवता येते. गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात नेऊन द्यायची नाही.

परतावा अजून आला नाही.

बहुतेक वेळा अडचण बँक खात्यात असते. पोर्टलवर खातं प्रमाणित केलेलं हवं आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळायला हवं. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आयएफएससी बदललेला असतो, तो पाहा. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर परतावा अडतो. "तुमचा परतावा मंजूर झालाय, इथे क्लिक करा" असा एसएमएस आला तर क्लिक करू नका. जे काय असेल ते पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघा.

रिटर्नमध्ये चूक राहिली हे नंतर कळलं.

सुधारित रिटर्न भरा, शक्यतो ३१ डिसेंबरच्या आत. त्याला लाजायचं कारण नाही, पहिल्या रिटर्नचा पावती क्रमांक तेवढा लागतो. कलम १४३(१) चं पत्र आलं की घाबरू नका. ती नोटीस नसते, तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी शेजारी छापलेला हिशेब असतो. दोन्ही रकाने ओळीने वाचा.

वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांनाही भरावं लागतं?

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सवलत आहे, पण अटी कडक आहेत. उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज हवं, दोन्ही एकाच बँकेतलं हवं आणि त्या बँकेला तसं घोषणापत्र द्यायला हवं. मग बँकच कर कापते. एका पतसंस्थेत जरी ठेव असली तरी सवलत गेली.

आई असेल आणि तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर ते पगारात धरायचं नाही, इतर उत्पन्नात धरायचं. त्यातून एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,०००, जुन्यात १५,००० यांपैकी कमी असेल ते वजा होतं.

स्वतः भरू की कुणाकडे जाऊ?

एक पगार, एक घर, थोडं व्याज एवढंच असेल तर स्वतः भरा. पोर्टलवर बरीचशी माहिती आधीच भरलेली येते, ती तीन कागदांशी ताडून बघा. जमीन, शेअरचे बरेच व्यवहार, धंदा किंवा थकबाकीचा पगार असेल तर जाणकाराकडे जा. थकबाकीवर कलम ८९ ची सवलत घेणार असाल तर रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो, शिक्षक मंडळींचा तो नेमका राहून जातो.

कुणाकडेही गेलात तरी पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल तुमचाच ठेवा, आणि ओटीपी सांगण्याआधी भरलेला फॉर्म मागून घेऊन वाचा. माझ्याकडे आलात तरी मागा.